गवत दहा फुटांवर, दूध नऊ लिटरवर

वाचकाचं पत्र : आमच्याकडे सहा संकरित गायी आणि दोन कालवडी आहेत. जमीन तीन एकर, बरीचशी मुरमाड. विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकतं. तीस गुंठ्यांत चार वर्षांपासून सीओ-४ नेपियर गवत आहे. ते आठ-दहा फुटांपर्यंत वाढतं, कुट्टी करून घालतो, तरी गव्हाणीत धाटं उरतात. गायीमागे बारा लिटर दूध होतं, ते नऊवर आलंय. संकलन केंद्रावर फॅट ३.३ आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) ८.१ लागते, म्हणून दर कापतात. पेंड वाढवावी तर हातात काही राहत नाही. पूर्वी दहा गुंठे लसूणघास होता, पण अमरवेल (पिकावर जगणारी परजीवी वेल) पसरली म्हणून मोडला. आता घरच्यांचं म्हणणं आहे की हे नेपियर काढून सुपर नेपियर लावावं. जाहिरातीत १८ टक्के प्रथिनं सांगतात. नुसत्या बेण्यालाच पंधरा हजार लागतील. सासूबाई म्हणतात, गवत उंच होऊ दिलं तरच चारा पुरतो. काय करावं?
– एक भगिनी, ता. सांगोला, जि. सोलापूर

ताई, नमस्कार.

ते पंधरा हजार रुपये तूर्त घरातच राहू द्या आणि नेपियर उपटू नका. सीओ-४ हे कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाचं चांगलं वाण आहे. तुमची अडचण बेण्यात नाही, ती गवताच्या वयात आहे. तसं तुमचं पत्रच सांगतंय, कारण कुट्टी करूनही धाटं उरतात असं तुम्ही लिहिलंय. गाय जे मागे ठेवते ते तिच्या उपयोगाचं नसतं, आणि तुमच्या गायी हे रोज सांगताहेत.

नेपियर कापलं की पहिले पाच-सहा आठवडे पानं भराभर येतात. पुढे कांडी धरायला लागते आणि गवत उंच होतं ते खोडामुळे. पानात प्रथिनं जास्त, खोडात कितीतरी कमी. शिवाय खोड जून झालं की त्यात लाकूडपणा येतो आणि तो गायीच्या कोठीपोटातल्या जिवाणूंनाही फोडता येत नाही. पंचेचाळीस-पन्नास दिवसांच्या नेपियरमध्ये कोरड्या वजनावर (म्हणजे पाणी वगळून) ८ ते १० टक्के प्रथिनं असतात. तेच गवत तीन महिन्यांचं झालं की ती ५-६ टक्क्यांवर येतात. शेत तेच, खत तेच, पाणी तेच. फरक फक्त विळा कधी चालला याचा.

आता हिशेब मांडू. दिवसाला दहा-बारा लिटर देणाऱ्या संकरित गायीला स्वतःच्या शरीरासाठी आणि दुधासाठी मिळून रोज सव्वा ते दीड किलो प्रथिनं लागतात. वेळेवर कापलेलं पंचवीस किलो हिरवं नेपियर घातलं, तर त्यात कोरडा भाग साधारण साडेचार किलो आणि प्रथिनं चारशे ते साडेचारशे ग्रॅम. दहा फुटी जरड नेपियर पंचवीस किलो घातलं, तर कोरडा भाग सहा किलोपर्यंत भरतो, पण प्रथिनं तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातलंही पाव गव्हाणीतच राहिलं तर पोटात जातात सव्वादोनशे. म्हणजे गायीमागे रोज दोनशे ग्रॅम प्रथिनांची तूट पडते, आणि ती तुम्ही पेंडीने भरून काढताय. सरकी पेंडीत २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं धरली तर ही जवळपास किलोभर पेंड झाली. सहा गायींची सहा किलो. तुमच्या गावच्या पेंडीच्या भावाने महिन्याचा आकडा तुम्हीच काढा. घरात हा विषय पुन्हा निघेल तेव्हा तोच आकडा समोर ठेवा, माझ्या सांगण्यापेक्षा तो जास्त पटेल.

सासूबाईंचं म्हणणंही मी टाकून देणार नाही. त्यांनी कडब्याचे दुष्काळ पाहिलेत. ज्या घरात उन्हाळ्यात वैरणीला पेंढ्या मोजून काढाव्या लागल्या, त्या घरात उभा चारा कापून टाकायला हात धजत नाही. पण तीस गुंठ्यांत चारा वर्षभर सारखा येत नाही, हे त्यांना समजावून सांगा. चांगली मशागत असेल तर संकरित नेपियर हेक्टरी शंभर-दीडशे टन हिरवा चारा देतं. तुमच्या तीस गुंठ्यांचे वर्षाला तीस ते पंचेचाळीस टन धरा, म्हणजे सरासरी दिवसाला शंभर किलोच्या आसपास. सहा गायी आणि दोन कालवडींना हे बेताचं आहे. मात्र जून ते सप्टेंबर या काळात ते खायला होतं त्यापेक्षा जास्त येतं, थंडीत वाढ मंदावते आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याअभावी थांबते. पावसाळ्यातलं जास्तीचं गवत तुम्ही उभंच ठेवता आणि तिथेच ते जरड होतं. उभ्या गवतात साठवण होत नाही. साठवायचं असेल तर ते वेळेवर कापून, कुट्टी करून, हवाबंद मुरवावं लागतं, म्हणजेच त्याचा मुरघास करावा लागतो.

दुसरी चूक कापण्याच्या पद्धतीत आहे, ती सगळीकडेच दिसते. एका बांधापासून रोज लागेल तेवढं कापत जायचं. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथलं गवत डोक्यावर गेलेलं असतं, आणि परत फिरावं तर पहिल्या टोकालाही उशीर झालेला. यावर उपाय सोपा आहे. तीस गुंठ्यांचे सात सारखे भाग करा आणि कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. एका आठवड्याला एक भाग. सात भाग सात आठवड्यांत, म्हणजे प्रत्येक भागाची पाळी एकोणपन्नासाव्या दिवशी येते. चांगल्या वाढीच्या दिवसांत एका भागातून आठशे ते हजार किलो चारा निघावा, तो तुमच्या गोठ्याला आठवडाभर पुरतो. आठवडा संपला आणि त्या भागात गवत उरलं, तरी ते कापून मोकळं करायचं आणि उरलेलं मुरघासाला लावायचं. हा नियम मोडला की सगळं चक्र पुन्हा विस्कटतं.

थंडीत मात्र दिवसांकडे पाहू नका. डिसेंबर-जानेवारीत पन्नास दिवसांतही गवत कंबरेला लागत नाही. तेव्हा उंची पाहा. चार-पाच फूट झालं आणि बुडाची पानं पिवळी पडायच्या आत आहे, की कापा. कापताना जमिनीपासून वीतभर बुंधा ठेवा. फुटवा बुंध्यातल्या डोळ्यांवरून आणि तिथल्या साठ्यावर येतो, म्हणून जमिनीला खरडून कापलेलं नेपियर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विरळ पडतं. तुमचं चार वर्षांचं आहे. ठोंब मेलेत तिथे जूनमध्ये स्वतःच्याच शेतातली तीन डोळ्यांची कांडी लावून नांग्या भरा. बेण्याचा खर्च तिथेच वाचतो.

आज उभं असलेलं दहा फुटी गवत तसंच दुभत्या गायींना घालत राहू नका. सात भागांतले सगळ्यांत जरड दोन भाग याच आठवड्यात कापा, बारीक कुट्टी करा आणि मुरघासाच्या पिशव्यांत भरा. नेपियरमध्ये मक्यासारखी साखर नसते, म्हणून टनाला पंधरा-वीस किलो काळा गूळ पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा. प्रत्येक थर पायाने तुडवून हवा काढा आणि तोंड घट्ट बांधा. ओल तपासायला मूठभर कुट्टी दाबून बघा : हात ओला होऊ नये आणि गोळा हळूहळू सुटावा. पंचेचाळीस दिवसांनी हा मुरघास भाकड गायी आणि कालवडींना घाला, दुभत्यांना नको. जुनं गवत मुरवलं म्हणून कोवळं होत नाही, ते फक्त टिकतं. उरलेले पाच भाग आठवड्याला एक असे कापत जा. ते संपेपर्यंत आधी कापलेल्या दोन भागांवर नवा फुटवा आलेला असेल.

खताबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण चारा उत्पादकांत युरियाची गोणी रिकामी करायची सवय दिसते, म्हणून सांगतो. प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र पुरतं. तुमच्या तीस गुंठ्यांना ते सोळा-सतरा किलो युरिया होतं, आणि एका भागाला अडीच किलोही लागत नाही. कापल्यावर तीन-चार दिवसांत द्या आणि लगेच पाणी सोडा. जास्त युरिया टाकून, पाण्याचा ताण असताना किंवा ढगाळ हवेत आठ-दहा दिवसांतच गवत कापलं, तर त्यात नायट्रेट साठलेलं असतं आणि त्याने जनावराला विषबाधा होऊ शकते. शेणखताचं मात्र कमी करू नका. तुमच्या भागात डाळिंबवाले शेणखताला चांगला भाव देतात आणि ट्रॉली भरून जाते, हे मला माहीत आहे. पण नेपियर दर कापणीला जमिनीतून पालाश आणि इतर अन्नद्रव्यं ओरबाडून नेतं, ती गायींच्या शेणमुतातून परत मिळतात. वर्षाला दोन ट्रॉल्या तरी या तीस गुंठ्यांसाठी राखून ठेवा. गोठा धुतल्याचं पाणी चराने नेपियरला सोडता आलं तर फार उत्तम.

आता लसूणघास. तो मोडावा लागला याची मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटली, कारण तुमच्या दुधाची घसरण तिथूनच सुरू झाली असावी. चांगल्या लसूणघासात कोरड्या वजनावर १८ ते २० टक्के प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम असतं. नुसत्या नेपियरवर आणि कडब्यावर गाय पोट भरते, पण दुधासाठी जे लागतं त्यात कमी पडते. नेपियरमधल्या ऑक्झॅलेट या घटकामुळे कॅल्शियम बांधलंही जातं. नेपियरसारखा एकदल आणि लसूणघासासारखा द्विदल चारा एकत्र असावा असं आम्ही सारखं सांगतो, ते यासाठी.

ऑक्टोबर संपत आलाय, लसूणघासाच्या पेरणीची हीच वेळ. पण पूर्वीच्या शेतात तो घेऊ नका. अमरवेलीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्या दहा गुंठ्यांत मका, ज्वारी, ओट अशी तृणवर्गीय पिकंच घ्या. अमरवेल त्यांच्यावर वाढत नाही. नव्या जागेसाठी तुमच्या शेतातला त्यातल्या त्यात खोल मातीचा, पाणी न साचणारा दहा गुंठ्यांचा तुकडा निवडा. बी विश्वासाच्या ठिकाणाहून, प्रमाणित पिशवीतलंच घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आरएल-८८ हे वाण आपल्याकडे चांगलं चालतं. सुटं, बाजारातलं स्वस्त बी घेऊ नका, अमरवेल त्यातूनच येते. दहा गुंठ्यांना अडीच किलो बी पुरतं. बियाला रायझोबियम हे जिवाणू खत चोळून एक फुटावरच्या ओळींत, अगदी उथळ पेरा. स्फुरद चांगलं द्या, हेक्टरी ८० किलोच्या हिशेबाने. नत्र पेरणीला थोडंसं, पुढे युरियाची गरज नाही, हवेतलं नत्र ते स्वतः मिळवतं. पुन्हा कुठे पिवळा धागा दिसलाच, तर तो फुलायच्या आत त्या ठिकाणचा लसूणघास अमरवेलीसकट कापून तिथेच जाळा. तो गायींना घालू नका, कारण बी धरलं असेल तर ते शेणातून जिवंत बाहेर पडतं आणि शेणखतासोबत सगळ्या रानात जातं.

पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे डिसेंबरअखेर. पुढे दर पंचवीस-तीस दिवसांनी, शंभरातली दहा-एक झाडं फुलावर आली की. मार्चपर्यंत चार कापण्या मिळाव्यात, म्हणजे गायीमागे रोज सहा किलोच्या आसपास लसूणघास. सहा किलोत साधारण अडीचशे ग्रॅम प्रथिनं असतात, पुन्हा किलोभर सरकी पेंडीइतकी. घालताना दवाने ओला, एकटा, उपाशी पोटी कधीच घालू नका, पोट फुगतं. कापून दोन-तीन तास सुकू द्या आणि कडब्याच्या कुट्टीत मिसळून घाला.

अमरवेलीच्या जुन्या दहा गुंठ्यांत आत्ताच ओट पेरा. केंट किंवा फुले हरिता हे वाण, दहा किलो बी. पन्नास दिवसांनी पहिली कापणी चार बोटं बुंधा ठेवून करा, दुसरी निम्मं पीक फुलात आल्यावर. थंडीत नेपियर रुसतं तेव्हा ओट आणि लसूणघास गोठा सावरतील.

सुपर नेपियरबद्दल. ते थायलंडमधल्या पाकचोंगचं संकरित नेपियर आहे. गवत वाईट नाही, खूप चारा देतं. पण जाहिरातीतले १८ टक्के ऐकताना दोन गोष्टी विचारा : किती दिवसांच्या गवताचे, आणि कोरड्या वजनावर की हिरव्या? हे आकडे नेहमी कोरड्या वजनावरचे असतात, आणि ताज्या नेपियरच्या शंभर किलोत कोरडा भाग जेमतेम अठरा-वीस किलो असतो. जाहिरातीचा आकडा खरा धरला तरी शंभर किलो हिरव्या चाऱ्यात प्रथिनं साडेतीन किलोच्या आसपास. आणि तो खरा ठरायला गवत खूप कोवळं कापावं लागेल. ते तुम्ही दहा फुटांवर नेलंत तर तेही सीओ-४ सारखंच जरड होणार, आणि पंधरा हजार गेलेले असतील. पुढे कधी नवा तुकडा लावायचाच झाला तर राहुरीचं फुले जयवंत आधी बघा. मऊ आहे, कूस कमी आणि ऑक्झॅलेटही कमी.

वेळेवर कोवळं कापा हे मी इतक्यांदा म्हटलंय, म्हणून एक अपवाद ठळकपणे सांगतो, कारण यात जनावर दगावतं. ज्वारीला हा नियम लावू नका. कोवळ्या ज्वारीत, आणि विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या किंवा कापणीनंतर खोडव्याला फुटलेल्या पोंग्यात, हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. त्यालाच आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात. ज्वारीचा हिरवा चारा निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावरच कापा आणि खोडव्याच्या पोंग्यांत गायी मोकळ्या सोडू नका. चरून आलेली गाय अचानक धापा टाकू लागली, तोल जाऊ लागला तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

मका-चवळीचं जूनमध्ये बघू, पण जागा आत्ताच मनात धरून ठेवा. आफ्रिकन टॉल मक्याच्या दोन ओळींना चवळीची एक ओळ घेतली की एकाच कापणीत प्रथिनंही मिळतात. मुरघासासाठी मक्याचे दाणे दुधातून चिकात जाताना, दाबल्यावर पिठूळ लागू लागले की कापायचा. सप्टेंबरमध्ये भरलेला हा मुरघास तुमच्या एप्रिल-मेची भाकरी आहे. त्याच पावसाळ्यात बांधावर शेवरी, हदगा किंवा सुबाभूळ लावा. विहीर आटली तरी त्यांची मुळं खोलवर ओल शोधतात. सुबाभळीचा पाला मात्र एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं स्वस्तात दारात येईल. ते पोट भरायला थोडं घालायला हरकत नाही, पण त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झॅलेट जास्त. वाढ्यावर गायी ठेवल्या की त्या उलटू लागतात (भरवूनही गाभ राहत नाहीत), माज लांबतो, आणि तो तोटा दुधाच्या पावतीवर दिसत नाही. वाढं घालत असाल त्या दिवसांत गायीमागे पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. खरं तर ते वर्षभर द्यावं.

शाळूचा कडबा आहे तेवढा जपून ठेवा. मोहोळच्या मालदांडीचा कडबा हा आपल्या भागाचा ठेवाच आहे, प्रथिनं तीन-चार टक्केच असली तरी गायी तो आवडीने खातात आणि रवंथाला लागणारा जाडसर चारा त्यातून मिळतो. फॅट ३.३ वर अडकते आहे, त्यासाठी गायीमागे चार-पाच किलो कडबा रोज पोटात जाईल असं पाहा. निकृष्ट भुसकट किंवा पेंढा असेल तर त्यावर युरिया प्रक्रिया करता येते : शंभर किलो वैरणीला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरावर शिंपडून, एकवीस दिवस प्लास्टिकखाली हवाबंद ठेवायचं. सहा महिन्यांखालच्या वासरांना ती वैरण चालत नाही. युरियाचं पाणी बादलीत उघडं ठेवू नका, जनावर प्यायलं तर जगत नाही.

एसएनएफ ८.१ चं एक कारण चाऱ्याबाहेरचंही असू शकतं. सुप्त स्तनदाहात कास सुजत नाही, दूधही दिसायला चांगलं असतं, पण एसएनएफ आणि दूध दोन्ही उतरतात. चाऱ्याचं सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून सहाही गायींच्या चारही सडांची तपासणी करून घ्या. त्यात एखादी गाय सापडली तर तिचा उपचार आधी. गायींचं वेत आणि व्यायल्यापासूनचे महिनेही मला कळवा. सहाच्या सहा गायी सातव्या-आठव्या महिन्यात असतील तर नऊ लिटरांपर्यंतच्या घसरणीतला काही भाग नैसर्गिक उतारच आहे.

नवा चारा एकदम बदलू नका. पहिल्या दिवशी लसूणघास किंवा मुरघास किलो-दोन किलो, मग दहा-बारा दिवसांत वाढवत पूर्ण मापावर या. पेंडही लगेच कमी करू नका. कोवळं नेपियर आणि लसूणघास दोन्ही सुरू होऊन तीन आठवडे झाले, आणि दूध टिकून राहिलं किंवा वाढलं, की मग गायीमागे पाव-पाव किलोने उतरवत जा. प्रत्येक उतरवणीनंतर आठ दिवस पावतीवरची फॅट, एसएनएफ आणि लिटर बघा. घसरलं तर तिथेच थांबा. मार्चमध्ये विहिरीची पातळी बघून पुन्हा लिहा. लसूणघासाला उन्हाळ्यात पाणी द्यायचं की त्याला तसंच झोपू द्यायचं, ते तेव्हाच्या पाण्यावर ठरवू.